वागण्याचा माग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. २७ ऑगस्ट १९६८ रोजी पोलीस उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी डोंगरी भागात एका माणसाला हटकलं आणि दोन पंचांसमोर त्याची झडती घेतली, तेव्हा त्याच्याजवळ एवढा ऐवज निघाला. अंगात बुशशर्ट आणि खाकी अर्धी चड्डी, त्यांवर रक्ताचे डाग, बूट चिखलानं माखलेले. त्याच्या बोटांचे ठसे जुन्या दप्तराशी ताडून पाहिले आणि खात्री पटली की हाच तो रमन राघव, ऊर्फ सिंधी दलवाई.

त्या पावसाळ्यात मुंबईची उपनगरं रात्ररात्र जागी होती. झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांची डोकी कुणीतरी जड, बोथट हत्यारानं ठेचत होतं. वस्त्यावस्त्यांतून लोक काठ्या घेऊन गस्त घालत. तपासाची सूत्रं होती गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे. आता विचार करा. मारणारा आणि मरणारा यांची ओळख नाही. जमिनीचा वाद नाही, बाईचं प्रकरण नाही, जुनं वैर नाही. चोरीसाठी म्हणावं, तर त्या झोपड्यांत चोरण्यासारखं होतं तरी काय? खुनाचा तपास नेहमी ‘का’ या प्रश्नापासून सुरू होतो आणि ‘कोण’पर्यंत पोचतो. इथं ‘का’ हा दरवाजाच बंद होता. मग राहतं काय? ‘कसं’ राहतं.

आणि हे ‘कसं’ पोलिसांनी आधी एकदा पाहिलं होतं. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या जीआयपीच्या, मार्गालगत पूर्व उपनगरांत १९ जणांवर असेच हल्ले झाले होते आणि त्यांतले ९ जण दगावले होते. तीच वेळ, तीच झोपलेली माणसं, तसाच घाव. त्या वेळी एका संशयिताला पकडलंही होतं, पण पुराव्याअभावी सोडून द्यावं लागलं. नोंद मात्र दप्तरात राहिली. फियालोंनी त्या माणसाला ओळखलं ते छायाचित्र आणि वर्णन डोक्यात ठेवून. गुन्ह्यातल्या वागण्यानं कपाटातली जुनी फाइल दाखवली, फाइलीनं चेहरा दिला आणि ठशांनी ओळख पक्की केली. तिघांची कामं वेगळी आहेत. वागण्यानं इथं गुन्हेगार ‘सिद्ध’ केला नाही. कुठं शोधायचं ते सांगितलं. एवढा फरक ध्यानात ठेवला तर पुढचं सगळं सोपं आहे.

परदेशी चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिका यांमुळे ‘प्रोफायलर’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. मालिकेतला प्रोफायलर खोलीत येतो, डोळे मिटतो आणि सांगतो, खुनी डावखुरा आहे आणि त्याचं आईशी पटत नव्हतं. प्रत्यक्षातलं काम याहून पुष्कळ रटाळ असतं. प्रोफायलरच्या पुढ्यात असतात घटनास्थळाचे फोटो, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, नकाशा आणि मृताची शक्य तितकी माहिती. त्यातून तो गुन्हेगाराचे निर्णय वाचतो. हत्यार सोबत आणलं की तिथलंच उचललं? ओळखीच्या रस्त्यानं आला की चाचपडत? काम झाल्यावर पळाला की थांबला? प्रेत झाकलं का? प्रत्येक निर्णय माणसाविषयी काहीतरी सांगतो. हत्यार सोबत आणणारा आधीपासून ठरवून आलेला असतो. वरवंटा उचलून मारणारा बहुधा त्या क्षणी भडकलेला असतो. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. या शास्त्रात तो प्रत्येक वाक्यात येतो आणि मालिकांमधून नेमका तोच गळतो.

पद्धत आणि खोड यांतही फरक करावा लागतो. पद्धत म्हणजे पोलिसांच्या बोलीतला ‘एमओ’, गुन्हा पार पाडण्यासाठी लागते ती युक्ती. ही सुधारते, बदलते. घरफोडी करणारा पहिल्यांदा कुलूप तोडतो, पकडला गेला की पुढच्या खेपेला खिडकीचे गज वाकवतो. खोड मात्र कामासाठी लागत नाही, ती त्या माणसाची गरज असते. चोरी झाल्यावर स्वयंपाकघरात बसून भात खाऊन जाणारा चोर आपण वर्तमानपत्रांत वाचतो. भात खाण्यानं चोरी सोपी होत नाही, उलट पकडलं जाण्याचा धोका वाढतो. तरी तो खातो. जित्याची खोड म्हणतात ती ही. दोन गुन्हे एकाच माणसाचे आहेत का, हे ठरवताना पद्धतीपेक्षा खोड अधिक भरवशाची, असं या विषयातले लोक मानतात.

या विद्येची कुळकथा लांबलचक आहे, मी चारच थांबे घेतो. १८८८ मध्ये लंडनला ‘जॅक द रिपर’च्या खुनांनंतर पोलीस शल्यचिकित्सक डॉ. थॉमस बाँड यांनी जखमा पाहून त्या माणसाचं वर्णन लिहून दिलं. रिपर सापडला नाही. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला सोळा वर्षं अधूनमधून बॉम्ब ठेवणाऱ्या माणसाविषयी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेम्स ब्रसेल यांनी अंदाज बांधले. तो दुहेरी बटनांचा कोट घालत असेल आणि सगळी बटनं लावलेली असतील, हा त्यांतला अंदाज दंतकथाच होऊन बसला. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की याला अटक झाली, तेव्हा तो कपडे बदलून खरोखर तसाच कोट घालून आला. पण दंतकथा एक गोष्ट सांगत नाही. ब्रसेल यांचे इतर कितीतरी अंदाज चुकले होते. मेटेस्की सापडला तो वीज कंपनीतल्या अ‍ॅलिस केली नावाच्या कारकून बाईंमुळे. नुकसानभरपाईच्या जुन्या फाइली चाळताना त्यांना बॉम्बवाल्याच्या पत्रांतलेच शब्द एका कामगाराच्या तक्रारीत दिसले. न्यूयॉर्क असो की मुंबई, शेवटी धावून आलं ते दप्तर! कारकुनांवर कुणी चित्रपट काढत नाही, हे आपलं दुर्दैव.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं क्वांटिको इथं वर्तनशास्त्राचा विभाग उघडला. तिथल्या रॉबर्ट रेसलर, जॉन डग्लस वगैरे अधिकाऱ्यांनी तुरुंगांत जाऊन ३६ गुन्हेगारांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि खुन्यांचे दोन गट पाडले: नियोजन करणारे आणि विस्कळीत. वाटणी आकर्षक होती आणि जगभर पसरली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शंभर मालिका-खुन्यांची माहिती तपासली, तेव्हा माणसं अशा दोन खणांत बसत नाहीत असं दिसलं. नियोजन थोडंफार सगळ्यांतच असतं, विस्कळीतपणा प्रत्येकाचा वेगळा. मला कँटर यांचं म्हणणं अधिक पटतं. छत्तीस माणसांच्या, त्यातही पकडल्या गेलेल्या माणसांच्या बोलण्यावर उभारलेला सिद्धांत न पकडल्या गेलेल्यांना कसा लावायचा?

याच कँटर यांनी १९८६ मध्ये लंडनच्या रेल्वे स्थानकांजवळ बलात्कार आणि खून करणाऱ्याचा शोध घेताना नकाशा पुढं ओढला. सुरुवातीचे गुन्हे कुठं झाले, ते कसे पसरत गेले, यावरून गुन्हेगार कोणत्या भागात राहत असावा हे त्यांनी सांगितलं. जॉन डफी हा संशयितांच्या लांबलचक यादीत होताच. या अंदाजामुळे त्याचं नाव वर आलं. व्हँकुव्हरचे पोलीस अधिकारी किम रॉस्मो यांनी पुढं याचं गणित बसवलं. कल्पना साधी आहे. माणूस घराच्या अगदी दारात गुन्हा करत नाही, कारण ओळखतील. फार लांबही जात नाही, कारण तिथल्या गल्ल्या ठाऊक नसतात. मुंबईत मात्र हे गणित जपून मांडावं लागेल. इथं ‘जवळ’ म्हणजे पायी जवळ नव्हे, लोकलनं जवळ. माझ्या ठाकूरद्वारच्या घरापासून चर्नी रोड स्थानक चार पावलांवर. तिथून गाडी पकडणाऱ्याला अंधेरी कधीकधी भायखळ्यापेक्षा सोयीची पडते. रमन राघवचे १९६५-६६ मधले हल्ले रुळांच्या कडेनं पसरले होते, ते उगाच नाही.

आता आमच्याच भागातली गोष्ट सांगतो. ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७ या काळात मरीन लाइन्स, चर्चगेट या परिसरात एकामागून एक खून झाले. पोलिसांनी त्यांतले सात एका साखळीत धरले. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून मरीन लाइन्स स्थानक पायी दहा-बारा मिनिटांवर. एका मृतदेहाशेजारी बिअरची बाटली सापडली आणि वर्तमानपत्रांनी त्या अज्ञात माणसाचं बारसं केलं: ‘बिअर मॅन’. इथं थोडं थांबू या. दक्षिण मुंबईतल्या फूटपाथवर, पादचारी पुलावर बिअरची रिकामी बाटली सापडणं ही काय अपूर्वाई आहे? ती खुन्याची खोड होती, मृताची होती, की आधीच कुणी टाकून गेलं होतं? पण नाव एकदा पडलं की प्रत्येक जण बाटली शोधू लागतो. बाटली दिसली तर ‘तोच’, आणि नाही दिसली तर ‘या वेळी हुशारीनं उचलून नेली’. तपासाला सगळ्यांत घातक काय असेल, तर दोन्ही बाजूंनी खरा ठरणारा अंदाज.

जानेवारी २००७ मध्ये एका माणसाला अटक झाली. त्याची नार्को चाचणी झाली आणि त्या चाचणीत तो काय बोलला याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. सत्र न्यायालयानं जानेवारी २००९ मध्ये एका खुनात त्याला दोषी धरून जन्मठेप दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं त्याची निर्दोष मुक्तता केली. मी त्याचं नाव घेत नाही. न्यायालयानं ज्याला सोडलं, त्याच्या नावामागं ‘बिअर मॅन’ ही उपाधी लावणं मला योग्य वाटत नाही. सुटून आलेल्या माणसाला चाळीत खोली आणि कारखान्यात काम मिळवताना ही उपाधी किती जड पडत असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल. पुढं ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की संमतीशिवाय कुणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही.

असं फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉमन या मैदानावर एका तरुण आईचा खून झाला. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्रिटन यांनी खुन्याचं मानसचित्र तयार केलं. पोलिसांना एक माणूस त्यात बसेलसा वाटला. मग एका महिला पोलिसाला मैत्रीण बनवून त्याच्याकडे पाठवलं आणि तो काय बोलतो ते महिनोन्‌महिने टिपून घेतलं. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा सगळा पुरावा फेटाळून लावला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर होता. डीएनएच्या आधारे ते उघड झालं आणि २००८ मध्ये त्यानं कबुली दिली. मधल्या वर्षांत तो निर्दोष माणूस लोकांच्या लेखी खुनीच होता. आणि नॅपरनं १९९३ मध्ये आणखी एका आईचा आणि तिच्या लहान मुलीचा जीव घेतला होता.

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. ‘हा अशाच स्वभावाचा माणूस आहे’ हे तर सरकारी वकिलाला एरवी पुरावा म्हणून मांडताच येत नाही. त्यामुळे मानसचित्राची जागा पोलीस ठाण्यात, तपासाच्या टेबलावर आहे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नाही.

आणखी एक भेद सांगायला हवा, कारण तो आपल्या मातीतला आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवला. पुढं आपल्याकडे पारध्यांसारख्या जमातींना हजेऱ्या लागल्या, सोलापूरला काटेरी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, तरी गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाण्याची सवय सुटायला पुष्कळ काळ लागतो आहे. वर्तनाचं विश्लेषण याच्या बरोबर उलट दिशेनं चालतं, निदान चालायला हवं. ते गुन्ह्यापासून सुरू होतं, माणसाच्या आडनावापासून नाही.

वागणं वाचण्याचा खरा उपयोग कधीकधी अटकेनंतर होतो. रमन राघव कोठडीत बोलायलाच तयार नव्हता. विचारणाऱ्यांनी आवाज चढवण्याऐवजी एक दिवस त्याला काय हवं ते विचारलं. त्याला कोंबडी हवी होती. ती खाऊन झाल्यावर आणखी हवी होती. मग डोक्याला लावायला तेल, कंगवा, आरसा. झडतीत सापडलेले दोन कंगवे आठवतात ना? हे सगळं मिळाल्यावर तो बोलू लागला आणि त्यानं आपलं हत्यार, आपली पद्धत तपशीलवार सांगितली. पुढं ४१ खुनांची कबुली त्याच्या नावावर जमा झाली.

आणि मग प्रश्न आला त्याच्या मनाचा. पोलीस शल्यचिकित्सकांनी २८ जून ते २३ जुलै १९६९ या काळात त्याला निरीक्षणाखाली ठेवलं आणि तो वेडा नाही असं सांगितलं. १३ ऑगस्ट १९६९ रोजी सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. त्यानं अपील करायलाही नकार दिला. फाशीवर शिक्कामोर्तब करण्याआधी उच्च न्यायालयानं तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. ते त्याला पाच वेळा भेटले, दर वेळी सुमारे दोन तास. त्यांना जे आढळलं ते वेगळंच होतं. त्याच्या लेखी जगं दोन होती, एक हे आणि दुसरं ‘कानून’चं. लोक आपल्याला बाई बनवू पाहतात, पण आपण ‘कानून’चे प्रतिनिधी असल्यानं त्यांना ते जमत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढं केला, तर त्यानं तो घेतला नाही. या पापी जगातल्या माणसांना ‘कानून’चा प्रतिनिधी शिवत नाही, असं तो म्हणाला. निदान झालं दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं. आपण काय करतो हे त्याला कळत होतं. ते गैर आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं. त्याची फाशी टळली. ४ ऑगस्ट १९८७ च्या निकालानं जन्मठेप कायम झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. सव्वीस दिवसांचं निरीक्षण आणि दहा तासांच्या मुलाखती, यांतून एकाच माणसाची दोन चित्रं निघाली. नजर ठेवणं आणि ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहता राहिला मृत माणूस. प्रोफायलरचा पहिला प्रश्न खुन्याविषयी नसतोच. मेला तो कोण होता, रोज कुठं जायचा, कुणाशी बोलायचा, त्या रात्री तिथं का होता, इथून तो सुरुवात करतो. क्वांटिकोच्या अभ्यासकांपुढं त्यासाठी घरचे लोक, शेजारी, नोकरीची जागा, टेलिफोनची बिलं असत. आपल्याकडे १९८५ ते १९८७ या काळात शीव आणि किंग्ज सर्कल भागात फूटपाथवर एकट्या झोपलेल्या बारा जणांची डोकी कुणीतरी मोठ्या दगडानं ठेचली. ‘स्टोनमॅन’ म्हणतात तो हा. १९८९ मध्ये कलकत्त्यात तसेच तेरा खून झाले. दोन्हीकडचं एकच हत्याकांड होतं की दोन, हेही कधी ठरलं नाही. शीवला एक बेघर वेटर हल्ल्यातून वाचला, पण अंधारात त्याला चेहरा दिसला नव्हता. बाकीच्यांपैकी बहुतेकांची ओळखच पटली नाही. ते एकटे झोपत, नातेवाईक कोणी पुढं आलं नाही. त्यामुळे ते कोणत्या गावाहून आले, कुठं हमाली करत, कोणत्या खानावळीत जेवत, त्या फूटपाथवर किती रात्री झोपत होते, त्यांना सगळ्यांना ओळखणारा एखादा माणूस होता का, हे विचारायचं कुणाला? पंचनाम्यात नावाच्या जागी लिहिलेलं असतं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे.